लॉन्सच्या मागचे पिंप आणि ‘आपली संस्कृती’

गोदाकाठ (धागाकर्ती)

लग्नसराई लागली की नात्यातल्या ग्रुपवर एक फोटो फिरू लागतो. लॉन्सच्या मागच्या बाजूला निळे पिंप, त्यात पुऱ्या, पनीरची भाजी, अर्धे खाल्लेले गुलाबजाम. खालचा मजकूर दरवर्षी तोच : अन्नाला पूर्णब्रह्म मानणारे आपण, पाश्चात्त्यांचं बघून बुफे आणला आणि चंगळवादी झालो.

हे निदान मला पटत नाही. फोटोतलं अन्न वाया गेलेलं असतं आणि त्याची मलाही चीड येते. पण खापर परक्यांवर फोडलं की आपल्याला काहीच बदलावं लागत नाही. म्हणून हा धागा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्ननासाडीचा अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. जगाची घरगुती सरासरी माणशी ७९ किलो, भारताचा अंदाज ५५ किलो. युरोपीय संघाचा त्याच वर्षाचा घरगुती आकडा ७२ किलो. (या सगळ्यात साली, देठ, हाडं हेही धरलेलं आहे.) आपला आकडा कमी आहे, मान्य. पण त्याच अहवालात असंही आहे की श्रीमंत, मध्यम आणि निम्न-मध्यम उत्पन्नाचे देश असे गट केले तर घरगुती नासाडीतला फरक माणशी जेमतेम ७ किलोचा निघतो. ‘ते उधळे, आपण काटकसरी’ हे चित्र इतकं सरळ नाही.

मला वाटतं, प्रत्येक समाज घरात जपून वागतो आणि जिथे चारचौघांत इभ्रतीचा प्रश्न येतो तिथे हात सैल सोडतो. आमच्याच घरी शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी पडते, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात. आणि त्याच घरात धाकट्या भावाच्या लग्नाची यादी आली आहे : वेलकम ड्रिंक, सूप, चार स्टार्टर, चाट, पावभाजी, डोसा, ‘नाशिक आहे म्हणून’ मिसळ, मग मुख्य जेवण, तीन गोड पदार्थ, आइस्क्रीम, पान. लग्न आडगावच्या पुढे एका लॉन्सवर आहे. यातलं निम्मं कमी करू म्हटलं तर बाबा एकच वाक्य म्हणतात, “कमी पडलं तर जन्मभर ऐकावं लागेल.”

परदेशात राहणाऱ्यांनी तिकडे माणसं कुठे जपतात आणि कुठे टाकतात ते लिहावं. आणि घरातल्या मोठ्यांना कसं समजवायचं, हेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.


जुना_नाशिककर

ताई, विषय चांगला काढलात, पण मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही.

मी रविवार कारंजाजवळच्या वाड्यात वाढलो. १९६५ च्या युद्धाच्या वेळी शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा आमच्या वाड्यात सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. कुणी तपासायला येत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, गिळताना घशात अडकायची. दुष्काळी कामांवर मजुरांना आणि पोरांना सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) वाटत. ज्या माणसांनी ते दिवस काढले त्यांच्या ताटात शीत राहत नाही. हे बाहेरून शिकवलेलं नव्हतं, आतून आलेलं होतं.

पंगतीत वाढपी समोर उभा राहून विचारायचा, “वाढू का?” नको म्हटलं की पुढे जायचा. पानात टाकलं तर शेजारी बसलेले आजोबा डोळे वटारायचे. आता डोळे वटारणारं कुणी नाही आणि प्रत्येकाच्या हातात वाढायचा स्वतःचा डाव आहे. फरक पडला तो इथे. त्याला पाश्चात्त्य म्हणा, नका म्हणू.


गोदाकाठ

काका, चूल न पेटण्याची आठवण लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. पण पंगतीतला आग्रह विसरून कसं चालेल? नको नको म्हणत हात आडवा धरला तरी जिलेबी बोटांच्या फटीतून पानात पडायची. जावयाच्या पानात तर मुद्दाम. आग्रह मोडला तर यजमानाचा अपमान, आणि पानात टाकलं तर अन्नाचा. पाहुण्याला धड खाताही यायचं नाही आणि सोडताही.

चीनमध्ये हुबेहूब असंच आहे. पाहुण्याने ताटल्या रिकाम्या केल्या तर यजमानाला वाटतं की आपण कमी मागवलं, म्हणून टेबलावर उरलंच पाहिजे. तिथे २०२१ च्या एप्रिलमध्ये अन्ननासाडीविरोधी कायदाच केला. गरजेपेक्षा जास्त मागवून टाकणाऱ्याकडून हॉटेलवाला कचऱ्याचे पैसे घेऊ शकतो, आणि अचाट खाण्याचे व्हिडिओ दाखवायला बंदी आली. तिकडे तर कुणी पाश्चात्त्यांना दोष देत नाही.


आचारी_पंचवटी

मी केटरिंगच्या धंद्यात आहे. वडील आचारी होते, चुलाणावरचा स्वयंपाक करायचे. मी लॉन्सची कामं घेतो. सगळे बोलतात ताटात टाकण्याबद्दल, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

ताटात टाकलेलं दिसतं, पण पिंपात जास्त जातं ते ताटात कधी आलेलंच नसतं.

आमचा हिशोब प्लेटवर चालतो. यजमान एक आकडा देतो, त्याला गॅरंटी म्हणतात. तेवढ्या प्लेटचे पैसे पाहुणे येवोत न येवोत द्यायचेच. वर आम्ही थोडी तयारी जास्त ठेवतो, कारण कमी पडलं तर पुढचं काम मिळत नाही. यजमान आकडा फुगवून सांगतो, आम्ही त्यावर आणखी चढवतो. दोघंही एकाच भीतीपोटी.

मग पदार्थ. माणसाचं पोट काही वाढलेलं नाही. आधी चाट, डोसा, पावभाजी खाल्ल्यावर मुख्य जेवणाकडे तो चव घ्यायला येतो. भात आणि पुरी आम्ही घाण्याघाण्याने काढतो, गर्दी बघून थांबवता येतं. पण पनीरची ग्रेव्ही, कुर्मा, मूगहलवा एकदाच होतो. तो झाला की झाला.

आणि सगळ्यात मोठं नुकसान शेवटच्या तासात होतं. रात्री दहा वाजलेत, नवरा-नवरी आणि घरची मंडळी तेवढी जेवायची आहेत. तरी यजमानाकडचं कुणीतरी येऊन सांगतं, “सगळी भांडी भरा, नंतर येणाऱ्याला खालचं खरवडलेलं दिसायला नको.” मग आम्ही गरम ठेवायच्या बारा-पंधरा भांड्यांत पुन्हा ओततो. तासाभराने ते सगळं, वर साय धरलेलं, पाण्याच्या वाफेने पातळ झालेलं, तसंच परत येतं. उघड्यावर एवढा वेळ राहिलेलं, दहा डावांनी ढवळलेलं. ते द्यायला नको वाटतं आणि ठेवायलाही. मागच्या पातेल्यात झाकून राहिलं असतं तर कुणाच्या तरी पोटात गेलं असतं.

यजमानाला हे समजावणं माझ्या हातात नाही. त्याने पैसे दिलेले असतात. पण ताईंसारखं कुणी आधी येऊन बोललं तर मला आनंदच आहे. कमी पदार्थ चांगले करता येतात.


म्युनिकहून

मूळची नाशिकरोडची, आता बरीच वर्षं म्युनिकला. दादांचा प्रतिसाद वाचून चमकले, कारण ‘शेवटच्या माणसालाही सगळं भरलेलं दिसलं पाहिजे’ हे इथल्या बेकरीचं जसंच्या तसं वर्णन आहे.

इथे संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या थोडं आधी गेलात तरी पावाची फळी भरलेली असते. दहा-बारा प्रकार. गिऱ्हाइकाला हवा तो पाव मिळाला नाही तर तो उद्या दुसऱ्या दुकानात जाईल ही भीती. बंद झाल्यावर त्यातला काही दान जातो, काही जनावरांच्या खाद्यात, काही कचऱ्यात.

घरात मात्र उलट. जर्मन घरी जेवायला बोलावलं तर माणशी मोजून बटाटे उकडलेले असतात. माझी आई आली होती तेव्हा शेजारणीने जेवायला बोलावलं. टेबलावर पाच जणांना पाच तुकडे. आईला ते फार लागलं. घरी आल्यावर म्हणाली, “बोलावलं तरी कशाला?” शेजारणीच्या मनात काहीच वाईट नव्हतं. तिची आजी युद्धानंतरच्या उपासमारीत वाढलेली, तिच्या घरात पातेल्यात उरणं म्हणजे बेफिकिरी. आईच्या घरात पातेल्यात न उरणं म्हणजे कोतेपणा. दोघींनाही अन्नाची कदर तेवढीच.

आणि कायदा कुठे उभा आहे तेही बघा. बव्हेरियात दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या कुलूपबंद पिंपातून टाकलेलं अन्न काढलं. खाण्यासारखं होतं. त्यांच्यावर चोरीचा गुन्हा लागला आणि २०२० मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायम ठेवला, कारण टाकलेलं असलं तरी ते दुकानाच्या मालकीचं. शेजारी फ्रान्समध्ये मात्र २०१६ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी खाण्याजोगं उरलेलं अन्न नष्ट करायचं नाही, दानासाठी संस्थेशी करार करायचा, असा कायदा आहे. दोन शेजारी देश आणि एवढा फरक. म्हणून ‘पाश्चात्त्य’ असा एकच गठ्ठा बांधू नये.

अजून एक. पाकिटावरची ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही तारीख चवीची आणि दर्जाची हमी असते, त्यानंतर ते विष होत नाही. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ ही वेगळी, मांस-मासळीसारख्या नाशवंत मालावरची. लोक दोन्ही सारख्याच धास्तीने वाचतात आणि दही, बिस्किटं, पीठ फेकतात. नाशिकला गेल्या सुट्टीत भाचीने वास न घेता, चव न बघता दह्याचा डबा फेकला. तारीख आदल्या दिवशीची होती. तिच्या आजीने त्याची कढी केली असती.


पेठवाला

आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूला नागलीची भाकर उरली तर दुसऱ्या दिवशी तिखट-मीठ लावून पोरं खातात. उरतेच कमी. या ५५ किलोच्या सरासरीत आम्ही कुठे बसतो तेही कुणी सांगा. द्राक्षाच्या हंगामात आमची माणसं दिंडोरी-निफाडला छाटणीला, विरळणीला जातात. लॉन्सवर वाढायलाही आमचीच पोरं असतात.


निफाडचा_बागायतदार

पेठवाल्या भावाने बरोबर बोट ठेवलं. इथे सगळी चर्चा ताटापासून सुरू झाली. ताटात येण्याआधीचं कोण बोलणार?

द्राक्षाचं सांगतो. युरोपला जाणाऱ्या मालाचा मणी साधारण १८ मिलिमीटरच्या पुढं लागतो, रंग एकसारखा, घडाला आकार, देठ हिरवा. त्यासाठी एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, जीएची (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाची) डुबी, मग बायका कात्री घेऊन एकेका घडातले मणी विरळतात. घडाघडाला हात लागलेला असतो. पॅकहाउसला गेल्यावर पंधरा-सोळाचा मणी बाजूला. गोडी तीच, बऱ्याचदा जास्त. तो लोकल मार्केटला जातो, बेदाण्याला जातो. अवकाळी झाला आणि मण्याला तडे गेले तर कुठंच जात नाही, बांधावर ओततो. २०१० ला तर मण्याच्या आकाराचा प्रश्नच नव्हता, संजीवकाचा (वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाचा) अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले. त्या वर्षी कित्येकांची बाग कर्जात गेली. अंशाचा नियम मला पटतो, ते पोटात जाणार आहे. पण दोन मिलिमीटरनं कुणाच्या पोटाला काय होतं?

युरोपनं २००९ मध्ये वाकड्या काकडीचे, गाजराचे वगैरे २६ फळं-भाज्यांचे आकाराचे नियम काढून टाकले. दहा पिकांचे ठेवले. त्या दहात द्राक्ष आहे आणि टोमॅटो पण आहे. आमच्या तालुक्याची दोन्ही पिकं! आणि नुसतं युरोपला का बोलायचं? कॉलेज रोडला हातगाडीवर गिऱ्हाईक टोमॅटो दाबून दाबून बघतं, डाग दिसला की खाली ठेवतं. संध्याकाळपर्यंत तोच दाबलेला टोमॅटो सडतो.

कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने ठेवतो. त्यात वजन घटतं, कोंब येतात, खालचा थर सडतो. चौथा हिस्सा तर जातोच, वर्ष खराब असेल तर जास्त. चाळीत वारा खेळला पाहिजे, थर उंच नको, पाऊस आत यायला नको, हे सगळं आम्ही करतो. पण भावाची वाट बघत कांदा ठेवावा आणि २०२३ सारखं ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी आली, तर ठेवलेला कांदा काय करायचा? लासलगावला ट्रॅक्टर उभा करून भाडं सुटत नाही तेव्हा माणूस शेतातच रोटाव्हेटर फिरवतो. त्याच साली जुलैत टोमॅटो शंभरी पार गेला म्हणून टीव्हीवर बातम्या, आणि दोन महिन्यांत मातीमोल झाला.

ताई, तुमच्या अहवालात घर, हॉटेल आणि दुकान एवढंच धरलंय. शेत ते दुकान यामधलं आणखी १३ टक्के जातं, ते वेगळं मोजतात. शेतकरी अन्न टाकतो तेव्हा त्याचा कुणी फोटो काढून संस्कृती बुडाली म्हणत नाही. तोही फोटो फिरवा.


नागोयावासी

जपानमधून थोडं. इथे लहान मुलाला वाडग्यात भाताचं शीत ठेवू देत नाहीत, शाळेत मुलं स्वतः वाढतात आणि संपवतात. तरी २०२२-२३ या वर्षात खाण्याजोगं असून टाकलेलं अन्न ४७ लाख टन, निम्मं घरांतून आणि निम्मं धंद्यातून.

धंद्यातलं कारण ऐकण्यासारखं आहे. व्यापारात एक जुना रिवाज : मालाच्या एकूण आयुष्याचे तीन भाग करायचे, पहिल्या भागाच्या आत कारखान्याने तो दुकानात पोचवायचा, दुसरा भाग संपला की दुकानाने फळीवरून काढायचा. म्हणजे सहा महिने टिकणारं बिस्किट चार महिन्यांत काढून टाकलं जाणार, कारण गिऱ्हाइकाला ताजंच हवं. सरकार हा रिवाज सैल करायला कंपन्यांच्या मागे लागलं आहे, आणि दुकानांत ‘लगेच खाणार असाल तर पुढचा, जुन्या तारखेचा माल उचला’ अशा पाट्या असतात.

दुसरं, फेब्रुवारीत एका सणाला सुशीचा लांब रोल खायची पद्धत आहे. दुकानांच्या साखळ्यांनी ती देशभर पसरवली आणि रात्री न विकलेले रोल ढिगाने टाकू लागल्या. २०१९ मध्ये कृषिमंत्रालयाला दुकानांना सांगावं लागलं की मागणीएवढेच बनवा. घरात शीत न टाकणाऱ्या देशाची ही गत. आचारीदादांचा शेवटचा तास, म्युनिकची फळी आणि हे, तिन्ही मला एकच वाटतं.


सिडकोतली

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

माझी आई कॉलेज रोडच्या बंगल्यांत धुणीभांडी करायची. ‘आमच्या घरात काहीच वाया जात नाही’ असं ज्या घरात अभिमानाने म्हणायचे, तिथलं उरलेलं आमच्या घरी यायचं. फ्रीजमध्ये तीन दिवस राहिलेली भाजी. लग्नानंतरचे आंबूस वास येणारे लाडू. आई आणायची, कारण नको म्हटलं तर मालकिणीला राग. रस्त्यात कुत्र्याला घालायची. नासाडी झाली ती आमच्या हातून झाली, त्यांच्या घरात नाही. त्यांच्या ताटाचा हिशोब स्वच्छ राहिला.

काका, तुमच्या पंगतीबद्दल आदर ठेवून विचारते, त्या पंगतीत कोण बसायचं आणि पत्रावळी कोण उचलायचं? गावात पंगती उठल्यावर वाट बघत उभी राहणारी माणसं कोणती होती? बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितलं की शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा. माझ्या आजोबांनी भाकरी मागणं सोडलं ते त्यामुळे. त्या भाकरी मागणं सोडणाऱ्यांमुळे गावातलं अन्न ‘वाया’ गेलं असेल, तर ते वाया जाणंच योग्य होतं.

म्हणून उरलेलं अन्न गरिबाला द्या असं कुणी म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : तुम्ही स्वतः ते उद्या सकाळी खाल का? खाणार असाल तर द्या. नसाल तर खत करा, पण माणसाच्या हातात देऊन पुण्य घेऊ नका. आणि घरी काम करणाऱ्या बाईला द्यायचं तर ताजं असताना, आपण जेवायच्या आधी काढून द्या.


जुना_नाशिककर

सिडकोतली ताई, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे आणि तुम्हालाही. पत्रावळी उचलायला येणाऱ्यांची पंगत शेवटी, अंगणाबाहेर. त्यांच्या पानात वाढलेलं बहुतेक वेळा गार झालेलं असे.

त्याच्या शेजारी माझी चूल न पेटलेली सोमवारची संध्याकाळही खरीच आहे. ती एक शिस्त होती. ती शिस्त आजही हवी, पण ज्या उतरंडीवर ती उभी होती ती नको. बायकोशी बोललो. आमच्याकडे येणाऱ्या मावशींसाठी आता वरण-भाजी आम्ही जेवायच्या आधीच काढून ठेवतो.


रात्रपाळी

मी आणि काही मित्र लग्नसराईत रात्री उरलेलं अन्न गोळा करून पोचवतो. सिडकोतल्या ताईंनी मांडलेला निकष, ‘स्वतः उद्या खाल का’, आम्ही पहिल्यापासून पाळतो, फक्त उद्या नाही, त्याच रात्री.

आम्ही ताटातलं, काउंटरवरच्या उघड्या भांड्यातलं घेत नाही. मागच्या, झाकलेल्या पातेल्यातलंच घेतो. म्हणून आचारीदादांचा शेवटचा तास आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. भांडी पुन्हा भरली की आमच्या दृष्टीने ते अन्न संपलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम २०१९ मध्येच केले आहेत. अन्न सुरक्षित ठेवायचं, कुठून आलं आणि कुठे गेलं याची नोंद ठेवायची. कुणाला विषबाधा झाली तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून नियम नसते तरी आम्ही हेच केलं असतं.

अडचण अशी की फोन येतो साडेअकराला. तोपर्यंत ज्यांना जेवण हवं ते झोपलेले असतात. मेळा स्टॅंडजवळ किंवा सिव्हिलच्या बाहेर रुग्णांचे नातेवाईक जागे असतात, पण झोपलेल्या माणसाला उठवून पुरी-भाजी देणं मला बरं वाटत नाही.

जे खाण्याजोगं उरत नाही ते ओल्या कचऱ्यात वेगळं द्या. हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज करायचा प्रकल्प महापालिकेने जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी विकाससंस्थेच्या मदतीने विल्होळीला उभा केला आहे. त्याला प्लॅस्टिकचे ग्लास, थर्माकोल, टिश्यू मिसळलेला कचरा चालत नाही. एका लॉन्सच्या पिंपात हे सगळं एकत्र असतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर कचरा जागेवरच वेगळा करायची जबाबदारी आयोजकावर टाकली होती. निमंत्रणपत्रिकेवर तीन पिढ्यांची नावं छापणाऱ्यांपैकी कुणीतरी एकाने मागच्या पिंपांपाशी उभं राहावं, एवढीच अपेक्षा. २०२७ च्या सिंहस्थात गावोगावची अन्नछत्रं लागतील तेव्हा तर हे आत्तापासून ठरवलेलं बरं.


गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. विशेषतः सिडकोतली ताई आणि निफाडचे दादा यांचे, कारण मी धागा काढला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ना ताईंच्या आईच्या पिशवीतली भाजी होती ना बांधावर ओतलेली द्राक्षं.

काल बाबांना आचारीदादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ‘चंगळवाद’, ‘संस्कृती’ यावर त्यांनी आजवर माझं काही ऐकलं नव्हतं. पण भरलेली भांडी तशीच परत जातात हे ऐकल्यावर म्हणाले, “म्हणजे दोनदा पैसे दिले की आपण.” मग यादी पुढे घेतली. चाट, डोसा आणि एक गोड पदार्थ निघाला. मिसळ राहिली, तिच्यावर कुणी तडजोड करेना. आत्याचा विरोध अजून आहे. तिचं म्हणणं, मुलाकडचे आपण, कमी दिसून चालणार नाही. तिला मी अजून समजावते आहे.

आचारीदादा, एक विचारायचं होतं. साडेनऊनंतर सगळ्या काउंटरऐवजी एकच मेज ठेवलं आणि तिथे वाढपी उभा राहून मागच्या पातेल्यातलं गरम वाढत राहिला, तर चालतं का? काकांची पंगत म्हणा हवं तर.


आचारी_पंचवटी

चालतं. दोन माणसं लागतात, खर्च वाढत नाही, उलट काउंटरवरची पोरं लवकर मोकळी होतात. फक्त हे आधी ठरवून लॉन्सच्या मॅनेजरला आणि तुमच्या आत्याबाईंना दोघांनाही सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कुणी येऊन भांडी भरायला लावणार नाही. आणि गॅरंटीचा आकडा पत्रिका वाटून झाल्यावर द्या, आत्ता नको. आत्ता दिलात तर तुम्ही फुगवूनच द्याल.


रात्रपाळी

ताई, लग्नाच्या आठवडाभर आधी आम्हाला तारीख आणि अंदाजे वेळ कळवा. त्या रात्री पावणेदहाला मागच्या बाजूला आमची गाडी उभी राहील. वरण, भात, सुकी भाजी आणि पुऱ्या वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत हव्यात. पनीर, दही आणि दुधाचे पदार्थ उन्हाळ्यात आम्ही घेत नाही, ते घरच्यांनी रात्रीच संपवावेत किंवा लगेच फ्रीजमध्ये टाकावेत. डबे आमच्याकडे आहेत, दुपारी येऊन आचारीदादांच्या माणसाकडे देऊन जातो.